वाळ्याचं तेल

१

त्या उन्हाळ्यात नीलाबाईला एका हाकेची चीड येऊ लागली होती.

"नीले, पानी दे गं."

सासूबाई बसम्मा मधल्या खोलीत बाजेवर पडून असायच्या. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांचं जग त्या खोलीएवढंच उरलं होतं. ती खोली बिनखिडकीची होती, माळवदाच्या झरोक्यातून काय येईल तेवढाच उजेड. तिथून दिवसभर हीच हाक यायची. दोन घोट प्यायच्या, तांब्या बाजूला सारायच्या. नीलाबाई चुलीपाशी पोचते न पोचते तोच पुन्हा, "नीले, पानी दे गं." जेवढं पिणं तेवढंच सांडणं. आणि सांडलं की नीलाबाईचा जीव खालीवर व्हायचा, कारण ते पाणी कसं आणलं हे तिचं तिला माहीत होतं.

लातूर जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता. नव्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, साहेबांच्या जीपगाड्या धूळ उडवत फिरत होत्या. पण नळाला कान लावला तर नुसता वारा फुसफुसायचा. गल्लीतला आड तळाशी भेगाळला होता. टँकर यायचा तो गल्लीच्या तोंडाशी थांबायचा, आणि मग बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या तेवढ्या बाकी ठेवायच्या. तसल्याच एका झोंबाझोंबीत कुणाच्या तरी कळशीचा काठ लागून नीलाबाईच्या भुवईवर खोक पडली होती. तिनं लेकरांना उदगीरला माहेरी धाडून दिलं होतं. घरात नवरा-बायको आणि म्हातारी, तिघंच.

नवरा वीरण्णा. गंजगोलाईच्या बाजारात त्याचं तेलाचं दुकान. मऊ बोलणारा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कुणाला टाकून बोलला असं कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे ऋतू पालटला की कंधारचा तय्यब अत्तार यायचा. दुकानातलं घाण्याचं तिळाचं तेल न्यायचा आणि त्यात अर्क मुरवून परत आणायचा. थंडीत हीना, पावसाळ्यात ऊद, उन्हाळ्यात वाळा. ज्या त्या दिवसांत ते तेल टाळूला, तळपायाला चोळलं की अंग ऋतूशी जुळतं, असं तय्यब सांगायचा, आणि साहेबलोकांच्या बायका हल्ली त्यासाठी दुकानात रिक्षा पाठवायच्या.

त्या चैत्रात तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ओसरीवर बसून त्यानं पेटीतून काचेचा एक मोठा शिसा काढला.

"भाभी, यंदा नदीकाठी वाळा मिळालाच न्हाई," तो म्हणाला. "मन्याड पार कोरडी. मंग पात्रातच खांदलं. मुळ्या लई खाल गेलत्या, पान्याच्या मागं मागं. वरती समदा पाचोळा, आन् खाली बघतो तर वल्याचिंब."

नीलाबाईनं बूच काढून हुंगलं. वाळ्याचा गारवा होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून विसरलेल्या फुलांसारखं.

"अव्वाला लावू का?" तिनं मधल्या खोलीकडं बघत विचारलं.

"लावा की. उन्हाळा बाधनार न्हाई. पर एक ध्यानात ठेवा." तय्यबनं शिसा लगेच सोडला नाही. "ह्यानं तहान लागत न्हाई. म्हनून तुम्हीच आठवनीनं पाजायचं. त्या मागतील म्हनून वाट बघू नका."

नीलाबाईनं मान हलवून हाव म्हटलं. तिच्या कानात त्यातलं एकच वाक्य राहिलं. तहान लागत न्हाई.

२

पहिल्या दिवशी तेल लावून झाल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन बसली आणि हाकेची वाट बघत राहिली. भाकरी झाल्या. आमटी उकळली. मधल्या खोलीत शांत होतं.

ती दोनदा दारातून डोकावली. बसम्मा जाग्या होत्या. माळवदाच्या लाकडांकडे बघत होत्या, चेहरा निवलेला.

"अव्वा, पानी?"

"नको गं. लई गार वाटून राहिलंय."

किती वर्षांत ही बाई तिच्याशी इतकं सरळ बोलली नव्हती. नीलाबाईनं तांब्या उशाशी ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर तो भरलेलाच होता. तिनं तो उचलून रांजणात ओतला. ओतताना हात किंचित अडखळला, नाही असं नाही. मग तिनं स्वतःला सांगितलं, आपण विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं एकदाच विचारलं. मग पुढं पुढं विचारताना ती दारातच उभी राहू लागली, उत्तर काय येणार हे ठाऊक असल्यासारखी. वैशाख लागला तेव्हा तर कधी विचारायची, कधी नाही. तेल मात्र रोज. बाजेशी बसायचं, म्हातारीचे पाय मांडीवर घ्यायचे आणि तळव्यापासून पोटरीपर्यंत चोळायचं. तेल फार लवकर जिरायचं. वरची कातडी कोरडीच राहायची, बोटाखाली कागदासारखी वाजायची.

सकाळी दुकानाला निघताना वीरण्णा न चुकता विचारायचा, "अव्वाला तेल लावलंस का?"

पोराची आईवर माया आहे, असं नीलाबाईला वाटायचं.

३

रांजण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता, अर्धा जमिनीत पुरलेला, वर पितळेची परात झाकलेली. नीलाबाईला त्याचं पोट पाठ होतं. दिवसाच्या वापरानं पाणी कुठवर उतरतं, कुठं आलं की तांब्या खाली घासतो, हे तिला न बघता कळायचं.

एके दिवशी टँकर आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं रांजणात हात घातला आणि मनगट ओलं झालं. एव्हाना पाणी लागायला हात कोपरापर्यंत आत जायला पाहिजे होता.

म्हातारी पीत नाही, म्हणून उरत असेल, असा तिनं हिशेब मांडला. पण म्हातारी पिऊन पिऊन किती पीत होती? एखादी कळशी? ती एका कळशीवर दोन दिवस घर चालवू शकत नव्हती. वीरण्णानं आणून ओतलं असेल म्हणून तिनं त्याला विचारलं.

"मी कुठून आनू?" तो जेवताजेवता म्हणाला. तांब्या उचलून त्यानं घटाघटा पाणी प्यायलं आणि पुन्हा पुढं केला. "हाय तर हाय. देवाची किरपा म्हनावं आन् गप ऱ्हावं."

त्यानं पाणी ज्या चवीनं प्यायलं, ते पाहून तिनंही भांडं भरलं. पाणी गार होतं, गोड होतं. गिळल्यावर मागं किंचित वाळा उरला. तेल लावलेल्या हातानं तांब्या बुडवला असेल, तिनं मनाशी म्हटलं. आणि तेव्हापासून ती हात राखेनं घासून मगच रांजणाला हात लावू लागली. वास काही गेला नाही.

शेजारची गुणाबाई कळशी घेऊन दारात आली तेव्हा नीलाबाईला नाही म्हणवेना. मग गल्लीतल्या आणखी बायका आल्या. टँकरपाशी ज्या अंगावर धावून यायच्या, त्याच आता "वैनी, वैनी" करू लागल्या. तिला ते आवडलं. टँकर आल्याची आरोळी झाली तरी ती घरातून उठेनाशी झाली.

आणि मग वीरण्णानं दुकानापुढं पाणपोई घातली. वर चटईचा मांडव, लाल फडकी गुंडाळलेले माठ, आणि पाटी. मातोश्री बसम्मा पाणपोई. उद्घाटनाला कचेरीतले एक साहेब आले, हार घालून घेतला, लांब दांड्याच्या डावानं पाणी प्यायले आणि म्हणाले, "व्वा! वाळा घातलाय वाटतं!"

माठ रोज भरून घरातूनच जायचे. हातगाडीवर.

४

बसम्मांचा आवाज गेला तो कधी गेला, हे नीलाबाईला नेमकं सांगता आलं नसतं. आधी बोलणं कमी झालं, मग नुसते ओठ हलू लागले. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून रक्तसुद्धा येत नव्हतं. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

तिनं डॉक्टरांना बोलावलं, ते येऊन गेले. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, तुम्ही पाजत जा, म्हणाले. "पाजतो की," वीरण्णा म्हणाला, इतक्या मऊपणानं की डॉक्टरांनी पुढं विचारलंच नाही. नीलाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती भांडी घासत बसली होती. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. राखेचा हात तव्यावर फिरत होता, आणि तेवढ्यात हाक आली.

"नीले, पानी दे गं."

ती सवयीनं उठली. तांब्या घेऊन मधल्या खोलीत गेली. बसम्मा डोळे मिटून पडल्या होत्या, तोंड उघडं, जीभ आत चामड्याच्या तुकड्यासारखी. त्या जिभेनं हाक मारणं शक्यच नव्हतं.

"अव्वा, तुम्ही बोलावलं?"

छाती तेवढी हलत होती.

ती परत येऊन तव्यापाशी बसली. भास झाला असेल. इतकी वर्षं ऐकलेली हाक, कानात राहणारच. बरोबर आहे. ऊन लागलं की असं होतं. तिनं तवा घासायला घेतला.

"नीले."

आवाज पाठीमागून आला होता. मधली खोली तिच्या समोर होती. पाठीमागं फक्त रांजण होता.

आवाज दबलेला होता, परातीच्या खालून आल्यासारखा, आणि त्यात त्रागा नव्हता. पूर्वी म्हातारी मागायची तेव्हा तिच्या आवाजात हुकूम असायचा. यात काकुळत होती.

"पानी दे गं, माय."

नीलाबाई उठली. वाकून दोन्ही हातांनी पाटा उचलला, छातीशी धरून कोपऱ्यात नेला आणि परातीवर ठेवला. मग उरलेली भांडी तिनं अंगणात नेऊन घासली.

५

तय्यब ज्येष्ठात पुन्हा आला. दुकान बंद होतं म्हणून घराकडं वळला, ओसरीवर टेकला आणि पाणी मागितलं. नीलाबाईनं तांब्या-भांडं दिलं.

पहिला घोट त्यानं घेतला आणि तसाच तोंडात धरून थांबला. मग उठून अंगणाच्या कडेला गेला आणि थुंकला. इतक्या टंचाईत कुणी पाणी थुंकताना तिनं पाहिलं नव्हतं.

"भाभी, हे पानी कुठलं?"

"घरचंच. रांजनातलं."

"रांजनात कुठलं आलं?"

तय्यबनं भांड्यातलं पाणी हळूच उंबऱ्याबाहेर ओतलं. ओतताना तोंडातल्या तोंडात काही म्हणाला. ते पाणी तापलेल्या मातीत जिरलं नाही, थोडा वेळ तसंच पसरून राहिलं. मग एकदम खाली गेलं.

"अम्मा कशा हायत?"

"बऱ्या हायत. निजल्यात."

"पाजत होता ना तुम्ही? आठवनीनं?"

"हाव."

तो तिच्याकडं बघत राहिला. या घरात तो तिच्या लग्नाच्या आधीपासून येत होता. बसम्मांनी त्याला पोरवयात भाकरी वाढली होती. शेवटी त्यानं हात पुढं केला. "शिसा द्या माझा. उरलंसुरलं तेल माघारी द्या. मी न्हाई इकत आता हे. जिथं दिलं तिथून समदं गोळा करून राहिलोय."

शिसा मधल्या खोलीतल्या फळीवर होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. तो द्यायला फक्त चार पावलं चालायची होती. नीलाबाईच्या डोळ्यांसमोर टँकर आला, बायकांच्या कोपरांचे ढोसे आले, दारात "वैनी, वैनी" करणारी गुणाबाई आली.

"सपलं," ती म्हणाली. "कवाच सपलं."

तय्यबनं पेटी उचलली. आत जाऊन म्हातारीला बघावं असं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो एक पाऊल आत टाकून थांबला. मधल्या खोलीच्या दाराकडून वाळ्याचा तोच ओलसर वास येत होता. तो मागं सरला, आणि भर उन्हात पाठ न वळवता उलटा चालत अंगणाबाहेर गेला.

६

तो गेल्यावर नीलाबाईचं मन खाऊ लागलं. तिनं पाटा बाजूला केला, परात सारली, न बघताच वाटी बुडवली आणि मधल्या खोलीत गेली. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं. डोकं हलकं होतं, वाळल्या दुधी भोपळ्यासारखं.

"अव्वा, प्या. थोडं तरी प्या."

वाटी ओठांना लागली आणि बसम्मांचे डोळे उघडले. त्यांनी वाटीत बघितलं. मग होती नव्हती ती सगळी ताकद एकवटून दात आवळले. पाणी हनुवटीवरून ओघळलं तसं त्या मान झाडू लागल्या, अंगावर निखारा पडावा तशा.

"हे न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज कसला, सुकलेल्या शेंगेत दाणा वाजावा तेवढा. "ह्यातलं न्हाई. दुसरं दे."

"दुसरं कुठून आनू, अव्वा?"

"दुसरं दे गं."

नीलाबाई कळशी घेऊन धावली. गल्लीच्या तोंडाशी टँकर नव्हता, ओली मातीसुद्धा नव्हती. तिनं गुणाबाईचं दार वाजवलं.

"तांब्याभर पानी दे, गुणाबाई. पाया पडते तुझ्या."

गुणाबाई हसलीच. "थट्टा करलाल्या का वैनी? तुमच्याकडूनच तर नेलंय सकाळी." तिनं कळशी पुढं केली. कळशीतून वाळ्याचा वास आला.

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. सगळ्या गल्लीत दुसरं पाणी नव्हतं.

ती रिकामी कळशी घेऊन घरी परतली. स्वयंपाकघरात रांजण उघडाच राहिला होता. परात झाकायला म्हणून ती वाकली, आणि या खेपेला तिनं बघितलं.

झरोक्यातला उन्हाचा कवडसा नेमका पाण्यावर पडला होता, तळापर्यंत दिसत होतं. रांजणाच्या आतल्या अंगाला पांढरं काही चिकटलं होतं. बारीक, लांब, दाट. खालून वर आलेलं. पाणी अगदी स्थिर होतं आणि ते मात्र सावकाश हलत होतं, चोखल्यासारखं, आत-बाहेर. मुळ्या, असं तिला आधी वाटलं. मग तिनं त्यात बोटभर लाल दोऱ्याची गाठ पाहिली. असाच दोरा सणाच्या दिवशी तिनंच म्हातारीच्या अंबाड्याला बांधला होता.

तिनं परात झाकली.

मधल्या खोलीत गेली तेव्हा छाती हलायची थांबली होती. अंबाडा सुटलेला होता, आणि उशीवर केस फार थोडे होते.

७

त्यांच्या जातीत माणसाला मेल्यावर बसवून पुरतात. बसम्मांना बसवायला कुणाला जोर लावावा लागला नाही. खांद्यावरून नेणाऱ्यांना ओझंच वाटलं नाही, असं लोक मागाहून बोलले, पुण्यवान बाई म्हणून. विधी सांगायला आलेल्या जंगमानं पाणी मागितलं, ते घरातूनच गेलं. वीरण्णा ढसाढसा रडला. गंजगोलाईतली अर्धी दुकानं त्या दिवशी बंद होती.

उदगीरहून लेकरं यायला निघाली होती. वीरण्णानंच निरोप धाडला, इथं पाण्याचे हाल आहेत, पावसाळा लागल्यावर या.

आणि हाल झालेही. रांजण उतरू लागला. आधी मनगट, मग कोपर, मग तांब्या खरवडून घाण पाणी येऊ लागलं. आतलं पांढरं काही उरलं नव्हतं, नीलाबाईनं दिवसाढवळ्या नीट बघून घेतलं. तिला सुटल्यासारखं झालं. ती पुन्हा कळशी घेऊन टँकरपाशी उभी राहू लागली. बायकांनी तिला पुन्हा ढोसायला सुरुवात केली, आणि ते ढोसे तिला चक्क बरे वाटले.

मिरग कोरडा गेला. पाणपोईचे माठ कोरडे पडले. येणारे-जाणारे पाटी वाचायचे, माठात वाकून बघायचे आणि दुकानात बसलेल्या वीरण्णाकडं बघायचे. कचेरीतल्या साहेबांनीही शिपायाहाती विचारलं, मातोश्री गेल्या म्हणून पाणपोई बंद केली का?

त्या दुपारी वीरण्णा लवकर घरी आला. नीलाबाई मधल्या खोलीत सारवत होती. तो बाजेवर बसला, थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला.

"किती वाळलीस गं," तो म्हणाला. "दिवसभर उन्हात उभी ऱ्हातीस. ये, बस हितं."

"सारवायचं हाय अजून."

"ऱ्हाऊ दे. बस."

त्यानं तिला हाताला धरून बाजेवर बसवलं आणि आपण खाली जमिनीवर बसला. तिचे पाय उचलून मांडीवर घेतले. लग्न झाल्यापासून त्यानं कधी तिच्या पायाला हात लावला नव्हता. ती संकोचून पाय ओढायला गेली, पण त्यानं घोटा धरून ठेवला. दुखेल असा नाही. सुटेल असाही नाही. दुसऱ्या हातानं त्यानं फळीवरचा शिसा खाली घेतला.

"अवं, नको." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तय्यबभाई काय म्हनले, ठावं हाय का तुम्हाला?"

"ठावं हाय," वीरण्णा म्हणाला. "तहानेचं दुकानात मला आधी सांगून मगच आलता त्यो चैतात."

तो तळवा चोळू लागला. हात मऊ होता, सवयीचा होता, इतकी वर्षं तेलात काम केलेला. गारवा तळव्यातून पोटरीत चढला, पोटरीतून वर. सकाळपासून तिच्या घशाला जी कोरड पडली होती ती हळूहळू निवली. तिला उठायचं होतं. आपल्याला उठायचं आहे हे तिला नीट कळत होतं. तिनं घाईघाईनं, विसरायच्या आत बोलावं तसं म्हटलं,

"मला पानी द्या आधी."

वीरण्णा थांबला. मान वर करून त्यानं तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत माया होती, खरीखुरी.

"लागलीय का तहान?"

नीलाबाईनं आत चाचपून पाहिलं. जिभेवर, घशात, छातीत. सगळीकडं शोधलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मंग कशाला उगं?" वीरण्णा म्हणाला, आणि त्यानं तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.